सहाव्या रिळातलं दार

हाडं मोडायला मी सेलरी वापरतो.
ताजी हवी, फ्रिजमधून नुकती काढलेली.
बरगडीला एक दांडा, मणक्याला अख्खी जुडी.
ठोशाला ओलं कातडं,
आणि त्याच्या केपच्या फडफडीला
आयोना विल्कीच्या गॅरेजमधली ताडपत्री.
बर्नबीत, टायरच्या गोदामामागे,
खिडकी नसलेल्या या खोलीत
गेली एकोणीस वर्षं
मी जग वाचवल्याचे आवाज काढतो आहे.

आज सहावं रीळ.
आज तो घरी येतो.

पहाटेचे तीन. खांद्याला रक्त.
मुलीचा वाढदिवस कालच होऊन गेलेला,
टेबलावर केकचा तुकडा, वाटीखाली झाकलेला.
तो बूट काढतो,
तिच्या दारापाशी जातो,
टकटक करायला बोटं वळवतो
आणि करत नाही.
पटकथेत याला चार पानं होती म्हणे.
आता बावीस सेकंद उरलेत,
त्यातली नऊ बाहेर आकाश फाटतं त्यात जातात.

नायकाला दोष लागतोच, बेनेडिक्टा म्हणते,
काचेपलीकडे सँडविच खात.
पण चवीपुरता.
मध्यंतराच्या आसपास थोडी दारू,
एक विसरलेली तारीख,
भिंतीवर फेकलेला एक ग्लास
(तो मी सात प्रकारे फोडून दिलाय).
दृष्ट लागू नये म्हणून
बाळाच्या गालाला तीट लावतात, तसा दोष.
चेहरा त्याने अधिकच देखणा दिसतो,
आणि शेवटाआधी पदराच्या टोकाने पुसताही येतो.
बायको सोडून जाते, तीही
सामान बांधण्यापुरतीच.

माझे वडील, हाल्डोर, टगबोटीवर होते.
फ्रेझर नदीतून ओंडक्यांचे तराफे ओढायचे,
वाचवलं कुणालाच नाही.
शनिवारी प्यायचे. रविवारी बोलायचे नाहीत.
त्यांचा दोष कुठल्या प्रसंगात आला नाही,
कुठल्या प्रसंगात गेला नाही,
घरातच असायचा, कपाटासारखा.
अंधारात त्याला वळसा घालून
न्हाणीघरापर्यंत जायला आम्ही शिकलो होतो.

माझ्या दाराबाहेर एक फळी होती.
आधी टाचेला कुरकुरायची, मग चवड्याला.
मग बराच वेळ काही नाही.
डिझेलचा वास तेवढा दाराखालून आत.
मी पांघरुणात, श्वास धरून:
या आत. नका येऊ.
मग चवडा, मग टाच.
जिना.

म्हणून आज मी पाइनची जुनी फळी आणली,
बूट काढले,
खांद्यावर वाळूची पिशवी घेतली,
कारण दमलेला माणूस वजनाला जास्त भरतो.
टाच. चवडा.
आणि थांबलो,
पडद्यावरच्या त्याच्यापेक्षा सहा सेकंद जास्त.
तो केव्हाच उडून गेला होता.
बेनेडिक्टाने बटण दाबलं नाही.
हेडफोनमध्ये मोज्यातली बोटं आखडल्याचा आवाज आला.
तो मी काढला नव्हता.

संध्याकाळी वरून निरोप: उत्तम झालंय.
तिथे आता व्हायोलिनं येतील, चाळीस.
फळी ऐकू येणार नाही,
पण असू दे खाली.

उरलेल्या सेलरीचं सूप होतं. ईडाला आवडत नाही.
मंगळवारपासून ती माझ्याशी बोललेली नाही,
आणि त्यात चूक माझी आहे, चवीपुरती नाही.
तिच्या दाराखाली उजेडाची पट्टी.
मी बोटं वळवतो.

वाजवलं.
पोकळ आलं, जरा घाईत,
कामावर असतो तर पुन्हा घेतलं असतं.
आत काहीतरी पडलं.
पुस्तक असेल, किंवा फोन, किंवा ती पलंगावरून उतरली असेल.
मला ओळखता आलं नाही.